बघितलं की बाद

"हिला एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून आण गं," असं मोठी जाऊ म्हणाली, तेव्हा मिरीच्या आईने हसून ते कानाआड केलं होतं.

सुट्टीची दुपार होती. जेवणं आटोपून दोघी जावा बैठकीच्या खोलीत पाय पसरून बसल्या होत्या आणि समोर सतरंजीवर मुलांचा खेळ चालला होता. जावेचा मुलगा मिरीपेक्षा दीडेक वर्षाने मोठा. त्याला नुकताच जाड भिंगांचा चष्मा लागला होता, आणि तो निसटू नये म्हणून डोक्यामागून इलॅस्टिकचा पट्टा बांधलेला होता. काकाने त्याचं नावच 'पायलट' ठेवलं होतं. पायलट लाकडी तुकडे उचलून डब्याच्या झाकणावरच्या भोकांत घालायचा, नाही गेला तर ठोकून घालायचा. मिरीचं तसं नव्हतं. ती मान वर करून, कुठेतरी खिडकीकडे तोंड करून बसलेली असायची, आणि बोटं मात्र खाली तुकडा चाचपत, भोकाच्या कडा चाचपत बरोबर जागी जायची. टक् करून तुकडा आत पडायचा.

"बघत नाही गं ती," जाऊ म्हणाली. "तुकडा हातात घेतानाही बघत नाही. आमच्या ह्याचंही असंच काहीतरी बारीकसारीक होतं, आम्ही लक्ष दिलं नाही."

"वहिनी, तिला बघावं लागतच नाही," मिरीची आई म्हणाली. "तोच तर आमचा खेळ आहे."

जावेने विषय सोडून मुलाचा पट्टा घट्ट केला. पण ती गेल्यावर भांडी विसळताना मिरीच्या आईला राहून राहून वाटत होतं, की स्वतःच्या मुलाला चष्मा लागला म्हणून आता हिला साऱ्या घराण्याच्या डोळ्यांत खोट दिसायला लागली. नवऱ्यालाही तिने तसंच सांगितलं. तो लिफ्टच्या दुरुस्तीची कामं करायचा, घरी येईस्तोवर अंगातलं त्राण संपलेलं असायचं. तो म्हणाला, तुम्हा दोघींच्या मध्ये पडण्यापेक्षा मला शाफ्टमध्ये उतरव.

खेळ मिरीच्या आईनेच शोधून काढला होता. म्हणजे वाचून. मूल झाल्यावर नोकरी सुटली, आणि कॉलेजात टिपणं काढायची जी सवय होती ती सगळी मिरीवर आली. मुलाने काय खावं, किती झोपावं, कोणत्या वयात काय यायला हवं, सगळं ती वाचायची, आणि वाचलं की धास्तावायची. कुठेतरी तिने वाचलं, की स्पर्शाने आकार ओळखायला शिकलेल्या मुलांची बुद्धी तल्लख होते. झालं. नवऱ्याच्या जुन्या कामाच्या पँटचा एक पाय कापून, खालून शिवून, वर नाडी ओवून तिने पिशवी केली. डब्यातले लाकडी तुकडे त्यात गेले. मिरीने आत हात घालायचा, एक तुकडा धरायचा, आणि बाहेर काढायच्या आधी सांगायचं, कोण आहे ते.

मिरीने सगळ्यांची बारशी आपणच केली. गोल तो गोलू. चौकोन तो भिंतोबा. त्रिकोणाचं टोक बोटाला टोचतं म्हणून तो टोच्या. अर्धगोलाला एकीकडे पोट आणि एकीकडे सपाट पाठ, म्हणून त्या बाई पोटपाठ. चांदणीला मात्र ती नुसतं 'खूप' म्हणायची, कारण तिला खूप टोकं होती.

आणि एक नियम होता. पिशवीत डोकावायचं नाही. सुरुवातीला मिरी डोकावायची, सगळीच मुलं डोकावतात. मग आई पिशवीचं तोंड आवळून म्हणायची, "बघितलं की बाद." तुकडा परत आत जायचा, पाळी परत पहिल्यापासून. कधी खोटं खोटं रागवायची, कधी कंटाळलेली असली की जरा खरंही. मिरी शहाणी मुलगी. थोड्याच दिवसांत ती पिशवी समोर आली की आपणहून डोळे गच्च मिटायला लागली, इतके गच्च की नाकावर सुरकुत्या पडायच्या. मग पिशवी नसतानाही. मग सगळ्याच तुकड्यांना, चमच्यांना, चपलांना.

डोळे मिटून आकार ओळखणाऱ्या मिरीची चित्रफीत नातेवाइकांच्या ग्रुपवर गेली तेव्हा तोंड भरून कौतुक झालं. कुणी म्हणालं, ही नाव काढणार. आजोबांनी पाच वेळा बघितली. जावेने फक्त अंगठा पाठवला. मिरीच्या आईने मनात म्हटलं, बरोबरच आहे, दुखणारच.

बाकीच्या गोष्टी ज्या होत्या, त्यांची एकेक समजूत तिच्याजवळ तयार होती. पाण्याचा पेला मिरीच्या हाताचा धक्का लागून रोज सांडायचा. तो धांदरटपणा, बापाकडून आलेला. संध्याकाळ कलायला लागली की ती आईचा झगा धरून फिरायची आणि दिवा लाव, दिवा लाव म्हणून भंडावून सोडायची. ते लाडावणं. जिन्यातून उतरताना भिंतीवर तळहात टेकवत उतरायची, तर वाटायचं, बघा, कशी प्रत्येक गोष्ट हाताने समजून घेते.

मग एके सकाळी टोच्या हरवला.

मिरीची आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मिरी आतल्या खोलीतून पिशवी ओढत आली, सगळं फरशीवर ओतलं, आणि एकेकाला हात लावून हजेरी घेतली. टोच्या नाही. तो घसरत तिच्या डाव्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर जाऊन पडला होता. राखाडी फरशी, त्यावर पिवळाधमक तुकडा, त्यावर खिडकीतून आलेलं ऊन. ह्याहून ठळक काही त्या खोलीत नव्हतं.

आई 'अगं तो काय' म्हणणारच होती. पण मिरीने शोधायला सुरुवात केली, आणि आईच्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला. मिरी दोन्ही तळहात फरशीवर ठेवून गोल गोल फिरवत होती, सांडलेल्या पाण्यावर पोतेरं फिरवावं तसे. डोळे उघडे होते. हात टोच्याच्या बाजूने गेला, परत आला, पुन्हा बोटभर अंतरावरून गेला. तिने मान वळवली, तिचं तोंड टोच्याच्या वरून फिरलं आणि पुढे गेलं.

आईने हातातला शर्ट मांडीवर ठेवला. आवाज न करता.

थोड्या वेळाने मिरी उठली. "आई," तिने हाक मारली, "टोच्या गेला." आई बोलली नाही. का बोलली नाही हे तिलाही सांगता आलं नसतं. मिरी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन आली, न्हाणीघराच्या दाराशी जाऊन आली, आणि परत येताना खुर्चीच्या इतक्या जवळून गेली की तिच्या फ्रॉकची झालर आईच्या पायाला लागली. "आई कुठेय?" ती मोकळ्या खोलीला विचारत होती. आवाजात अजून रडू नव्हतं, पण ते वाटेत होतं.

"मी इथेच आहे बाळा," आई म्हणाली.

मिरी दचकली. मग हसली. "तू कधी आलीस?"

डोळ्यांच्या दवाखान्यात रांगेत बसल्यावर मिरीची आई मनातल्या मनात सगळं पुन्हा पुन्हा घोकत होती. जवळचं बोट दिसतं तिला. चित्रातली मुंगी दिसते, परवाच दाखवली होती. म्हणजे चष्मा असेल. पायलटसारखा पट्टा बांधू. निळा पट्टा घेऊ. आयुष्यात कधी कुणी चष्म्यासाठी इतका जीव टाकला नसेल.

तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या, सावकाश बोलणाऱ्या होत्या. मूल आईच्या मांडीवरच बसू दे म्हणाल्या. फक्त मधे बोलायचं नाही, खूण करायची नाही, आणि मिरीला धरून हलवायचं नाही. मग मदतनीस मुलीने मिरीच्या मांडीवर एक जाड पुठ्ठा ठेवला. त्यावर चार आकार छापलेले होते. गोल, चौकोन, एक घर, एक फळ. आपण लांबून एकेक दाखवणार आणि मिरीने पुठ्ठ्यावर त्याची जोडी दाखवायची.

आकार बघून मिरीच्या आईच्या जिवात जीव आला. हे तर घरचंच. इथे तिची लेक सगळ्यांना गार करेल.

मदतनीस मुलगी खोलीच्या टोकाला गेली आणि तिने चौकोन उंच धरला. "सांग बरं मिरी, हा कोण?"

मिरीने डोळे गच्च मिटले. नाकावर सुरकुत्या पडल्या. आणि तिने हात पुढे केला. "दे."

मदतनीस मुलीला हसू आलं. "अगं असं नाही. बघून सांगायचं."

मिरीने मान हलवली. हात तसाच पुढे. "बघितलं की बाद."

डॉक्टरीणबाईंनी मिरीच्या आईकडे पाहिलं. काही विचारलं नाही, नुसतं पाहिलं, आणि तेवढ्यानेही तिला तोंडात मारल्यासारखं झालं. आता बोला, बाई म्हणाल्या, तुम्हीच सांगा तिला. मिरीच्या आईने लेकीच्या कानाशी तोंड नेलं. इतके दिवस जे वाक्य हसत हसत म्हटलं होतं ते उलटं कसं करायचं, हे तिला सुचेना.

"मिरी, आज बघायचं."

"तू रागवशील."

"नाही रागवणार."

"आणि बाद?"

"बाद नाही. आजपासून बाद नाहीच."

मिरीने एक डोळा किलकिला केला, आई खरंच रागवत नाही ना ते बघायला. मग दुसरा. समोर बघितलं, आणि पुठ्ठ्यावरच्या चौकोनावर बोट ठेवलं. "भिंतोबा." पुढचा गोलू. पुढचं घर. आकार बारीक होत गेले तरी ती बरोबर सांगत गेली. डॉक्टरीणबाई मान हलवत होत्या आणि मिरीच्या आईला वाटत होतं, उठावं आणि जावेला फोन करून सांगावं, की वहिनी, दिसतंय हो माझ्या पोरीला. नसती धास्ती घेतली आपण. टोच्या दिसला नाही, तर नसेल लक्ष. खुर्चीत आई दिसली नाही, तर मूल आहे, नादात असेल.

मग डॉक्टरीणबाईंनी पुठ्ठा बाजूला ठेवला. मदतनीस मुलीला मिरीच्या अगदी समोर बसवलं, बोटातलं बाहुलं नाचवायला. मिरी बाहुल्यात गुंगली. आणि बाई स्वतः हळूच तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात एक बारीक काडी होती, काडीच्या टोकाला पिवळा गोळा. तो त्यांनी मिरीच्या कानामागून, आवाज न करता, पुढे आणायला सुरुवात केली.

मिरीच्या आईला हा खेळ न सांगता समजला. तिने स्वतःच तो खुर्चीत बसून खेळला होता.

गोळा कानाजवळ आला. मिरी बाहुल्याकडे बघत हसत होती. गोळा गालाच्या रेषेला आला. आता कुणीही मूल वळलं असतं. मिरीच्या आईची मान आपोआप त्या बाजूला वळली होती, जणू तिने वळवली तर मांडीवरची वळेल. आता बघ. आता तरी. पायाच्या बोटांपर्यंत तिचं सगळं अंग मिरीला ढकलत होतं, आणि हात मात्र सांगितल्याप्रमाणे खुर्चीच्या दांड्यांवर होते. एक हलकासा टेकू दिला असता, तर बाईंनी लिहून घेतलं असतं, दिसलं. काय बदललं असतं? गोळा डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत आला. पुढे आला. पार नाकासमोर आला तेव्हा मिरी म्हणाली, "अय्या, गोलू."

दुसऱ्या बाजूनेही तसंच.

थेंब घातले, दिवे मालवले, यंत्रं लावली. तोवर मिरीचा बाबा कामावरून तसाच आला, बाह्यांना ग्रीस लागलेला. डॉक्टरीणबाईंनी दोघांना बसवून सांगितलं. डोळ्याच्या आतला पडदा कडेकडेने विझत चालला आहे. मधलं अजून चांगलं आहे, म्हणून समोरचं सगळं दिसतं, पण कागदाच्या नळकांड्यातून बघावं तसं. अंधारात तर फारच कमी. हा आजार जन्मापासूनच आत असतो. मधलं किती वर्षं टिकेल ते आज कुणीच सांगू शकत नाही. कदाचित बरीच.

मिरीच्या बाबाने विचारलं, जो भाग गेला तो बदलता येतो का. ते त्याच्या धंद्यातलं विचारणं होतं आणि विचारता विचारताच त्याला ते कळलं. बाई नाही म्हणाल्या. कामावर कुणी लिफ्टमध्ये अडकलं तर वरून ओरडून सांगायचा रिवाज होता, घाबरू नका, आलोच. तो नुसता मिरीच्या डोक्यावर हात ठेवून बसला.

मिरीच्या आईला एकच विचारायचं होतं. "आधी आणलं असतं तर?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आजार थांबला नसता," त्या म्हणाल्या. "पण तिला जिन्यात तुम्ही हात धरून उतरवलं असतं. दिवा लाव म्हणाली तर लगेच लावला असता. एवढंच." मग म्हणाल्या, "बाकी पुष्कळ मुलांचं नुसत्या चष्म्याने भागतं. ती वेळेवर आली तर."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. माझंच चुकलं म्हणून कपाळ बडवून घ्यायला तरी काहीतरी हाती राहिलं असतं. पण तेही त्यांनी ठेवलं नाही.

मग जाताना, दाराशी, मिरीच्या आईने पिशवीचा खेळ सांगितला तेव्हा बाई म्हणाल्या, तो खेळ बंद करू नका. हात इतके तयार आहेत, ते तिच्या कामाला येतील.

घरी आल्यावर नवराबायकोचं त्यावरून वाजलं. तो म्हणाला, पिशवी फेकून दे, आता हिला फक्त बघू दे. जेवढे दिवस आहेत तेवढ्यात सगळं दाखवू, डोंगर दाखवू, समुद्र दाखवू, हत्ती दाखवू. ती म्हणाली, आणि जे दिसत नाही त्याची तयारी कोण करून घेणार? दोघांचंही बरोबर होतं आणि दोघांच्याही हातात काही नव्हतं, म्हणून भांडण लवकरच थांबलं. तो चार बल्ब घेऊन आला आणि खोलीखोलीतले जुने काढून जास्त उजेडाचे लावत सुटला. स्टुलावर उभा असताना त्याची पाठ हलत होती. ती स्टूल धरून उभी राहिली.

जावेला फोन तिने दुसऱ्या दिवशी केला. बोलली ते तिलाही नीट आठवत नाही. पलीकडून 'मी म्हटलं होतं' असं येईल आणि ते आपण ऐकून घ्यायचं, अशी तयारी करून बसली होती. जावेने आधी मिरी जेवली का ते विचारलं. मग म्हणाली, "मीच जोर करायला हवा होता गं. मला वाटलं, तुला वाटेल मी जळते."

दोघी फोन धरून बसल्या. मागे पायलट लाकडी तुकडा कशावर तरी ठोकत होता, त्याचा आवाज येत राहिला.

त्या संध्याकाळी, नवे दिवे लागलेले असताना, मिरी पिशवी घेऊन आली. आईने सकाळपासून ती कपाटावर ठेवली होती, बाबाने खाली काढून दिली असणार. मिरी म्हणाली, आज तू कर. पिशवीचं तोंड आईसमोर धरलं. आईने डोळे मिटून आत हात घातला. पँटचं जुनं कापड मऊ पडलं होतं. बोटांना काहीतरी लागलं, कडा होती, मग टोक होतं, पुन्हा कडा. कोण आहे? तिला सांगता येईना. लेकीला एका क्षणात कळायचं ते तिच्या बोटांना कळत नव्हतं. दुसरा तुकडा धरला, तोही कळेना. डोळे मिटल्या अंधारात नुसती लाकडं होती.

"सांग ना," मिरी म्हणाली.

आईने डोळे उघडले. पिशवीत बघायला नव्हे, मिरीकडे बघायला. झगझगीत उजेडात मिरी अगदी समोर बसली होती आणि तिचा चेहरा आईच्या खांद्याच्या जरा वर कुठेतरी वळलेला होता. मग तिने दोन्ही हात पुढे करून आईचे गाल शोधले, गालांवरून वर येत पापण्या शोधल्या, आणि बोटांच्या टोकांनी त्या चाचपल्या.

"उघडे आहेत," ती म्हणाली. "बघितलंस. बाद." आणि मग बोटं एकमेकांवर घासून, "ओले का आहेत?"

ही गोष्ट आता तुमच्याकडे वळते. तुमच्या घरात, शेजारी, जिन्याच्या वरच्या मजल्यावर एखादं लहान मूल खेळत असेल. शहाणं असेल, पटापट तुकडे लावत असेल, सगळे वाखाणत असतील. त्याच्याजवळ जा. हाक मारू नका, पायांचा आवाज करू नका. एखादं खेळणं त्याच्या बाजूला अलगद ठेवा, आणि ते वळतं का बघा. नाही वळलं, तर त्याच्या आईला सांगा. ती हसेल, तुम्हाला जळकुकडे म्हणेल, विषय बदलेल. तरी पुन्हा सांगा. आत्ताच जा, अजून उजेड आहे तोवर.